चार नंबरच्या शेडचं दार

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, पूर्वी दारूगोळ्याच्या कारखान्यात फिटर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून ठेवत आहे. फुप्फुसं निम्मी गेली असली तरी डोकं शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. आधीचं मृत्युपत्र मी स्वतः फाडलं. त्यात खरं कमी होतं.

कलम १. माझे पाने, कानशी आणि लोखंड पकडायचा शेगडा तंत्रशाळेला द्यावेत. मोठा पाइपपाना त्यात नाही. तो पोलिसांकडे आहे. का, ते पुढे सांगतो.

कलम २. राहतं घर, दोन खोल्या आणि मागचं अंगण, धाकट्या बहिणीला द्यावं. त्याचं कारण असं.

लढाईच्या दुसऱ्या वर्षी आम्ही तोफगोळ्यांत फॉस्जीन भरत होतो. त्या वायूला कुजक्या गवताचा वास येतो आणि माणूस स्वतःच्या फुप्फुसांतल्या पाण्यात बुडून मरतो. आम्हाला ते माहीत होतं. तरी जेवणाच्या सुट्टीत आम्ही पत्ते खेळायचो. माझा मेहुणा, म्हणजे बहिणीचा नवरा, माझ्याच पाळीत होता. त्याला मीच चिकटवला होता.

एका दुपारी आमच्या चार नंबरच्या शेडमध्ये टाकी उचलायची साखळी तुटली आणि भरलेली टाकी खाली आपटून फुटली. मी दाराबाहेर होतो. आत सात जण. साहेब ओरडला, "दार लाव! वारा वस्तीकडे आहे!" मी लोखंडी दार ओढलं आणि चाक फिरवलं. वस्ती कदाचित त्यामुळे वाचली असेल. मला ठाऊक नाही. मेहुणा दारापासून सहा पावलांवर होता, एवढं मात्र मी पाहिलं होतं.

बारा मिनिटं ते आतून ठोकत होते. वारा फिरल्यावर दार उघडलं तेव्हा सगळे एकमेकांवर पडले होते, ओठ निळे, तोंडाला गुलाबी फेस. दाराच्या फटीत तुटलेली नखं अडकली होती. ती मी चिमट्याने काढली.

कागदावर "बॉयलरचा स्फोट" अशी नोंद झाली. बहिणीला सांगितलं, जागीच गेला. तेही मीच सांगितलं.

कलम ३. साहेबाच्या वारसांना माझ्याकडून काहीही देऊ नये, माफीसुद्धा नाही. त्याच्या निरोपसमारंभात तो म्हणाला, "आपल्या कारखान्यात विषारी वायू कधी भरलाच गेला नाही." मी पाइपपान्याने त्याचा जबडा फोडला. दुसऱ्या घावात दात घशात गेले. तिसरा कानशिलावर बसणार होता, पण लोकांनी मला धरलं. तीन वर्षं आत होतो. त्याचा पश्चात्ताप नाही.

बहीण दर महिन्याला भेटायला यायची. "दादा, माझ्यासाठी केलंस," म्हणायची. बॉयलर साहेबाच्या हयगयीने फुटला, असं ती धरून होती. मी मान डोलवायचो.

कलम ४. इथवर लिहून मी आज सकाळी तिला बोलावलं आणि सगळं वाचून दाखवलं. मेल्यावर वकिलाच्या तोंडून तिने हे ऐकू नये म्हणून.

तिने कागद माझ्या हातातून घेऊन त्यातली एक ओळ पुन्हा वाचली. मग विचारलं, "बारा मिनिटं त्याचा आवाज येत होता?"

"पाचेक मिनिटं."

"काय म्हणत होता?"

"'दादा, दार.' तेवढंच."

"आणि तू?"

"चाक धरून उभा होतो."

तिने उठून माझ्या थोबाडीत मारली. एकदा, मग पुन्हा. माझा चष्मा फुटला. नंतर खाली बसून म्हणाली, "घर नको मला. आतल्या बाकीच्या सहा जणांची पोरं कुठे असतील, शोध. त्यांना दे."

त्याप्रमाणे कलम २ रद्द. घर विकून येईल ते त्या सहा घरांत सारखं वाटावं. सातही जण कसे मेले, हे या कागदाची नक्कल लावून वर्तमानपत्राकडे पाठवावं. माझ्या मरणाची वाट पाहू नये.

वकील म्हणाले, बाईंना आता काही मिळणार नाही, तेव्हा त्या साक्षीदार होऊ शकतात. मी तिला विचारायला धजलो नाही. तिने स्वतःच पेन मागितलं.

स्थळ: माझी पुढची खोली. दिनांक: नऊ मार्च, सोमवार.

लिहून देणार: (सही) निवृत्त फिटर

साक्षीदार १: (सही) उपचार करणारे डॉक्टर

साक्षीदार २: (सही) चार नंबरच्या शेडमध्ये कोंडून मेलेल्या कामगाराची बायको