भित्र्या लोकांचा आकडा

१ ऑक्टोबर, बुधवार
सायकलची नवी चाकं आली! कार्बनची, हुकलेस. आमच्या धानपट्ट्यातल्या गोरेगावात अशी चाकं लावणारा मी पहिलाच. बहुतेक जिल्ह्यातही. जुन्या रिमला आतून वळवलेली कड होती, हुक म्हणतात तिला. टायर तिच्यात अडकून बसायचा. यात कडच नाही, भिंत सरळ. टायर नुसता घट्ट बसतो म्हणून टिकतो. ट्यूब नाही, आत भोकं आपोआप बुजवणारं पांढरं सीलंट. जमाना कुठल्या कुठे गेला!
संकल्प: भाऊबीजेला बायको दुर्गेश्वरी एसटीने माहेरी, नवेगाव बांध या गावी जाईल. मी सायकलने. आणि तिच्या आधी पोहोचीन.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
बायकोला संकल्प सांगितला. म्हणाली, हार्मोनियम झालं, मधमाश्या झाल्या, आता हे. तुमच्यानं एक तरी गोष्ट पुरी झाली का? तेव्हा फोनवर तिचा भाऊ धर्मेंद्र होता. तिकडून हसण्याचा आवाज आला. लागलं मनाला. मधमाश्या आपणहून उडून गेल्या, त्यात माझा काय दोष? आता दाखवतोच.

८ ऑक्टोबर, बुधवार, दुपारी
रिमवर बारीक अक्षरात लिहिलंय: हवेचा दाब कमाल ७२ पीएसआय. छे! जुन्या चाकात मी शंभर भरत होतो. टायर कसा टणक पाहिजे, दाबलं तर आपलंच बोट दुखलं पाहिजे. धर्मेंद्रला फोन केला. तो कधीपासूनचा सायकलवाला, पण चाकं अजून हुकवालीच. म्हणे, भाऊजी, याले हुक नाही, टायर धरून ठेवायले काहीच नाही. बहात्तरच्या वर गेले का रिम सोडून उडते. तुम्ही साठच भरा.
साठ! जळून राहिला माझ्यावर. कंपन्या स्वतःच्या बचावासाठी कमीच लिहितात. भित्र्या लोकांचा आकडा आहे तो.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
आज माझ्या कृषी केंद्रात चोरखमारा गावचे मनिरामभाऊ आले. धानावरच्या तुडतुडे किडीचं औषध नेलं होतं, दुप्पट मारलं, धान करपला. मी त्यांना अर्धा तास झापलं. बाटलीवर प्रमाण लिहिलंय ते काय शोभेसाठी? तर म्हणे, कंपनी भेवून कमीच लिहिते ना, साहेब. अशा माणसांपुढे काय डोकं फोडावं!
संध्याकाळी हवा पंचाण्णव केली.

२२ ऑक्टोबर, बुधवार
आठ दिवस पंचाण्णववर सायकल पडवीत उभी. टायर जागचा हलला नाही. सिद्ध झालं. सराव मात्र राहिला. आधी गुडघा, मग दिवाळीची गडबड, मग दव. हरकत नाही. चाकंच इतकी भारी आहेत की सरावाची गरज नाही.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज, सकाळी ६
एकशे दहा! पंपाचा काटा पाहून छाती फुगली. दुर्गेश्वरीची बस आठची. ती बाहेर आली, रिमकडे वाकून बघितलं, काही बोलणार होती. म्हटलं, निघताना टोकू नको. निघतो.

तोच दिवस, सायंकाळी ५, नवेगाव बांध
वाटेतल्या कोहमारा गावाच्या अलीकडे गतिरोधकावर मागचा टायर उडाला. आवाज सुतळी बॉम्बचा, पण दिवाळी असल्यामुळे कोणी वळूनही पाहिलं नाही. मी रस्त्याकडेच्या धानाच्या बांधीत, चिखलात. सगळी पाठ सीलंटने पांढरी. नशीब, मागचं चाक होतं.
मग एसटी आली. माहेरी निघालेल्या बाया खचाखच, आणि खिडकीत दुर्गेश्वरी. बस थांबवून खाली उतरली. आधी माझं डोकं तपासलं, मग हातपाय, मग आत नेऊन भर बसमध्ये जे झापलं ते इथे लिहीत नाही. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मी मांडीवर चाक घेऊन बसलो. थोडक्यात, दोघं एकदमच पोहोचलो. म्हणजे हरलो नाही.
धर्मेंद्र हसला नाही, हे जास्त लागलं. रिमला तडा नाही म्हणाला, हुकलेसला चालणारा नवा टायर घातला, साठ भरले.

२७ ऑक्टोबर, सोमवार
गुडघा सुजलाय. सायकल रिकामी उभी म्हणून दुर्गेश्वरी सीट खाली करून बाजारात घेऊन गेली. बारावीपर्यंत रोज बारा किलोमीटर सायकलने शाळेत जायची म्हणे. मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नव्हतं. तिच्या वजनाला पंचावन्नच पुरते, असं धर्मेंद्रनं सांगितलंय. काऊन कोण जाणे, रोजच जाऊन राहिली आहे.

२ नोव्हेंबर, रविवार, नवेगाव बांध
आज दुर्गेश्वरी सायकलने माहेरी आली. एकटी, घरापासून इथपर्यंत, हवा पंचावन्न. मी मागून एसटीने. पोहोचलो तर ती अंगणात बसून पोहे खाऊन राहिली होती आणि सगळं घर तिच्याभोवती. रिमवरचा आकडा तिनं पहिल्याच दिवशी वाचला होता म्हणे.
धर्मेंद्रला दोनदा सांगितलं की चाकं माझ्या पसंतीची आहेत. तो हो म्हणाला आणि तिच्या ताटात आणखी पोहे वाढले. ती साडेपाचला निघाली होती, माझी बस आठची, आणि कोहमाऱ्याला वीस मिनिटं उगाच थांबली. नाहीतर मी आधी पोहोचलो असतो.