कढीपत्ता तोडू नये, कारण की

विश्रांतवाडी, पुणे
७ मे २००६

आदरणीय रंगरावभाऊंना समाधानचा सप्रेम जयभीम.

आपली तब्येत बरी असेल आणि वहिनींचे गुडघे अमरावतीच्या उन्हात मोकळे झाले असतील (त्या उन्हाचा तेवढा तरी उपयोग व्हावा), अशी आशा करतो. आमची दीपमाला अमेरिकेत सुखरूप बाळंत झाली, हे आपल्याला कळलंच आहे. नातीचं नाक आपल्या घराण्याचं आहे असं आपली बहीण हेमा तिथून फोनवर म्हणाली, म्हणजे त्या बाबतीत माझं काम संपलं. मीही ठणठणीत आहे. ठणठणीत नाही ते झाड.

कोणतं झाड, हे आपल्याला सांगायला नको. आपल्या परसातल्या गोडनिंबाचं रोप हेमाने डालड्याच्या डब्यात घालून एसटीने पुण्याला आणलं होतं (डबा माझ्या मांडीवर होता, दीपमाला तिच्या). इथे त्याला कढीपत्ता म्हणतात. फाटकाशी लावला, तो माडीच्या खिडकीपर्यंत गेला. मार्चमध्ये बाळंतपणासाठी तिकडे जायला विमानतळावर निघताना हेमाने मला बाजूला घेतलं. म्हटलं, आता काहीतरी हळवं बोलणार. तर म्हणाली, तुम्ही जेवला नाहीत तरी चालेल, पण माझ्या झाडाकडे लक्ष ठेवा. भाऊ, मी लक्ष ठेवलं. सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

हेमा असताना कुणीही फाटकाशी येऊन हाक मारायचं, ती स्वतःच्या हाताने दोन काड्या तोडून द्यायची, वर मुलाबाळांची चौकशी करायची. ती गेल्यावर हाक मारण्याजोगं घरात कुणी नाही, असं लोकांनी परस्पर ठरवलं आणि हात लांब करून तोडू लागले. आता अस्सल पुणेकर काय करतो? ‘तोडू नये’ अशी दोन शब्दांची पाटी लावतो आणि आत जाऊन झोपतो. पण माझी हयात पाटबंधारे खात्यात मसुदे लिहिण्यात गेली. आमच्याकडे कारणं दिल्याशिवाय साधी रजासुद्धा नामंजूर करत नसत. शिवाय आपण वऱ्हाडची माणसं, दोन शब्दांत आपल्याला पाणीदेखील मागता येत नाही. मी वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्या काढून बसलो, एक अख्खी दुपार खर्ची घातली आणि पत्र्यावर रंगवून घेतलं. मजकूर जसाच्या तसा देतो:

‘सूचना. या झाडाचा पाला परवानगीशिवाय तोडू नये. कारण की: सदर पाल्यात लोह विपुल असते. रक्तातील साखर आटोक्यात राहते, असे जाणकार सांगतात. अन्न पचते, पोट साफ राहते. केस गळत नाहीत व पिकत नाहीत. पुरावा: घरमालकीण सौ. हेमा, वय अठ्ठावन्न, यांचे केस आजही काळेभोर, कमरेपर्यंत, पाहणाऱ्याने पाहत राहावे असे आहेत. सबब झाड मौल्यवान आहे.’

रस्त्यावर उभं राहून मी ती पाटी स्वतःच दोनदा वाचली आणि मला गहिवरून आलं. दुसऱ्या दिवसापासून बाकीच्यांनी वाचली.

पहिले आले शेजारचे गोपाळकृष्ण काका. त्यांना साखरेचा त्रास. आजवर या माणसाने आमच्या झाडाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. आता रोज सकाळी अनशापोटी, फाटकाला टेकून, बकरीसारखा पाला चघळू लागले. मी पाटीकडे बोट दाखवलं तर म्हणाले, ‘अहो, तीच वाचून आलो.’ मग हिंजवडीच्या कंपनीची बस. ती नेमकी आमच्या फाटकासमोर थांबते आणि वाट बघणाऱ्या पोरींना माझ्या पाटीखेरीज वाचायला काही नसतं. बोअरच्या पाण्याने त्या सगळ्यांचे केस झडताहेत. आमच्या माडीवर भाड्याने राहणारी सृष्टी (यवतमाळची, कॉम्प्युटरवाली, गुणी पोर) तर पुरावा रोज डोळ्यांनी पाहिलेली साक्षीदार. ‘काकूंचे हेअर खरंच तसे आहेत, आय स्वेअर,’ असं तिने सगळ्यांना सांगितलं. झालं! बसमध्ये चढताना प्रत्येकीच्या पर्समध्ये एक फांदी.

मी घाबरलो आणि माणूस घाबरला की करू नये ते करतो. खालच्या बाजूला शुद्धिपत्रक लावलं: ‘वरील फायदे अद्याप सिद्ध झालेले नाहीत.’ त्यावर लोकांनी अर्थ काढला की म्हातारा आता सगळं झाड एकट्यासाठी राखतोय. मग पलीकडच्या कॉलनीतूनही माणसं येऊ लागली. झाड वाचत नाही म्हटल्यावर निदान गुण तरी घ्यावा, म्हणून उरलेला पाला खोबरेल तेलात उकळायला मीही बसलो. कढई जळाली, घरभर धूर झाला, आणि माझ्या डोक्यावर (आपण ते पाहिलेलंच आहे, तिथे उगवण्यासारखं काही नाही) नुसताच हिरवट डाग पडला. गोपाळकृष्ण काकांनी मला पाटीशेजारी उभं बघून विचारलं, ‘झाड तुमचं, डोकंही तुमचं, मग पाला जातो कुठं?’ मी कढई घासायला आत गेलो.

आता झाडाच्या काड्या उरल्या आहेत. एक पान शिल्लक नाही. फोनवर हेमा रोज विचारते, झाड कसं आहे, आणि मी रोज म्हणतो, उभं आहे. हे खोटं नाही. ती महिनाअखेरीस परत येते आहे. मला तिच्या रागाची भीती नाही, भाऊ. ती काही न बोलता झाडाजवळ जाऊन उभी राहील, त्याची भीती वाटते. आपल्याजवळ मन मोकळं केलं, बरं वाटलं. दुसरं काही मागणं नाही.

वहिनींना जयभीम, लहानांना आशीर्वाद.

आपला,
समाधान

ता. क. दुसरं काही मागणं नाही असं वर लिहिलं आहे, ते शिष्टाचार म्हणून. आपल्या परसात त्याच झाडाच्या मुळाशी फुटवे असतात. त्यातला सर्वांत उंच, माडीच्या खिडकीपर्यंत पोचेल असा, मुळांसकट खणून तातडीने घेऊन यावा. हेमाला कळता कामा नये.

आणखी ता. क. पाकीट चिकटवायच्या आत हेमाचा फोन आला. सृष्टीने मोबाइलवर पाटीचा फोटो काढून मैत्रिणींना धाडला होता, तो फिरत फिरत अमेरिकेत जावयाच्या ऑफिसात पोचला. झाडाबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. वय कशाला लिहिलंत, एवढं विचारलं. मग म्हणाली, मी रविवारी विहारात वंदनेला गेलो की गेली बारा-तेरा वर्षं ती केसांना रंग लावते. वहिनी दर उन्हाळ्यात वाळवणातल्या सरगुंड्यांच्या डब्याच्या तळाशी घालून पाठवतात ते पुडकं (जे मला आजवर ओवा वाटत होतं) त्याचंच. तेव्हा रोप नको, पुडकी पाठवा, दोन. कॉलनीतल्या बायका आता तिला उजेडात धरून बघणार आहेत.

पाटी लगेच उतरवतो म्हणालो. तर म्हणाली, ‘पाहत राहावे, असं तीस वर्षांत मला कधी बोलला नाहीत हो. राहू द्या. मी येऊन वाचते.’