चौदा नंबरचा पोर्ट

प्रिय छोटी,

काल तू फोनवर रडलीस आणि मी "होईल गं नीट" म्हणून फोन ठेवला. समोर बसून बोलायची हिंमत नाही, म्हणून लिहितेय.

तू आमच्या हॉस्पिटलात लागलीस, तेव्हा बाबा तुला सोडायला आले होते. अकरा वर्षं मी तिथलं नेटवर्क सांभाळतेय, पण माझी खोली त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्या दिवशीही जिन्यात मलाच विचारलं, आमची डॉक्टर कुठे बसते? मी हसत रस्ता दाखवला आणि आतून जळून खाक झाले. तुझ्या परीक्षेला घरातला टीव्ही बंद असायचा, माझ्या परीक्षेला पाहुणे असायचे. तेव्हाही असंच व्हायचं.

मध्यंतरी नेटवर्कचा नवा स्विच आला. सगळ्या मजल्यांच्या वायरी त्यात येतात, आणि गर्दी झाली की कोणाचं आधी सोडायचं ते मी ठरवते. फोन आणि व्हिडिओ पहिले, कारण ते अडले की बोलणं तुटतं. मग पेशंटचे रेकॉर्ड. बॅकअप शेवटी, त्याला घाई नसते. चौदा नंबरचा पोर्ट, म्हणजे वायर जोडायची खाच, तुझ्या खोलीचा, जिथून तू लांबच्या पेशंटना व्हिडिओवर तपासतेस. मी हे सेटिंग करत असतानाच आईचा फोन आला. पेपरात तुझं कौतुक आलंय, कात्रण फ्रेम करायला दिलंय, येताना खिळे आण म्हणाली. मी बरं म्हटलं, आणि चौदा नंबर बॅकअपच्या रांगेत टाकला.

वाटलं, दोन दिवस अडखळू दे हिला. त्याचे तीन आठवडे झाले. दुपारी एक्स-रेच्या फायली जायला लागल्या की तुझा व्हिडिओ गोठायचा. तू म्हणालीस, ताई, बघ ना जरा. मी केबल काढून पुन्हा लावली, कॅमेरा पुसला आणि लाइनच खराब आहे म्हणून सांगितलं. तू वर मला चहा पाजलास. तुझ्या त्या विश्वासाचाही मला राग आला.

मग परवा गोठलेल्या व्हिडिओत त्या पेशंट आजींचा थरथरणारा हात तुला स्थिर दिसला आणि तू औषध बंद केलंस. तिथल्या नर्सने वेळीच फोन केला म्हणून निभावलं. पण ठपका तुझ्यावर आला, आणि तुझं काम दुसऱ्याकडे द्यायचं ठरलं.

आज सकाळी मी तुझा पोर्ट व्हिडिओच्या रांगेत घेतला आणि मोठ्या सरांना सगळं सांगितलं. बदल कोणी आणि कधी केला त्याची नोंद स्विचमध्ये असते, तीही छापून दिली. सरांनी तो कागद नीट वाचला. मग म्हणाले, चौकशी होईपर्यंत तुम्ही येऊ नका. सोमवारी तुला बोलावतील. तुझं काम तुझ्याकडेच राहील. बाबांनाही मीच सांगणार आहे, पण आधी तुला कळायला हवं होतं, आणि तेही सरांच्या तोंडून नको, म्हणून हे पत्र. माफी मागायला तोंड नाही मला. तुझं काम वाचलं हे ऐकून जीव भांड्यात पडला, आणि तरीही आत कुठेतरी बारीक कळ आलीच. तीही सांगून टाकते, लपवून पुन्हा काही करून बसण्यापेक्षा.

तुझीच,
ताई