मुंग्यांएवढं अक्षर

२ मार्च

चि. खारूताईस आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

नेहमीप्रमाणे मी बोलते आणि तुझा बाबा लिहितो. दुपारी बसलो, आता दिवे लागले. पूर्वी माझ्या तोंडाला त्याचा हात पुरून उरायचा, आता मीच थांबत थांबत बोलते, म्हणजे बघ. वर अक्षर मुंग्यांएवढं. मला वाचता येत नसलं तरी मुंग्या ओळखता येतात. कागद वाचवतोस का, असं विचारलं तर नुसता हसला. हेही लिही म्हटलं, मुकाट्याने लिहितोय.

तू दिवसभर काचेच्या नळ्यांत काय बघत बसतेस ते कळव. लोभ आटू देऊ नकोस.

आजी

११ मार्च

ती. आजीस सा. न.

हे पत्र मुद्दाम शेजारच्या नर्सबाईंच्या पत्त्यावर पाठवते आहे. बाबांना वाचायला देऊ नकोस.

नळ्यांत मी प्रथिनं बघते. पोटातल्या बाळाचा मेंदू घडताना ती ठरल्या वेळी एकमेकांना भेटतात, काम करतात नि सुटी होतात. पुढे काही माणसांत तीच एकमेकांना चिकटून बसतात, त्यांच्या गुठळ्या होतात, मेंदूच्या पेशी मरू लागतात. मग हात मंदावतो, अक्षर बारीक होत जातं. कंपवाताची सुरुवात अशी होते. बाबांची जुनी पत्रं काढून मी पट्टीने मोजली. तीन वर्षांत अक्षर निम्म्यावर आलंय. नुसत्या अक्षरावरून काही ठरत नाही, हे मला कळतं, तरी पुन्हा पुन्हा मोजते आहे. त्यांना डॉक्टरांकडे ने गं. सांगून ते जायचे नाहीत.

तुझीच,
खारूताई

१९ मार्च

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नर्सबाईंनी दोनदा वाचलं, आता त्याच लिहून घेताहेत. मी पाळत ठेवली. चालताना त्याचा डावा हात हलतच नाही. बटणांचे सदरे सोडून बिनबटणांचे घालतो, वर फॅशन आहे म्हणतो. मी खुळी हसले होते. आता तो जिना उतरायला लागला की माझा जीव खालच्या पायरीवर जाऊन बसतो.

बेत असा. गुडघा धरलाय म्हणून मी त्याला दवाखान्यात न्यायला लावते. तिथे डॉक्टरांनी बघायचं त्यालाच. त्यांना फोन तू कर. आणि मला गोड करून सांगू नकोस, काय ते खरं कळव. माया आहे तशी राहू दे.

आजी

ता. क. बाळ, हे मी, बाबा. आजीने सवयीने पाकीट टपालात टाकायला माझ्याकडेच दिलं आणि मी ते उघडलं. तुझी भीती खरी आहे. चार महिन्यांपूर्वीच कळलं, गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांना सांगून ठेवतो, मला पहिल्यांदाच बघताय असं दाखवा. तिला वाटू दे की तिनेच पकडलं. मला फार भीती वाटते गं, आणि हे तिच्याशी बोलायला तोंड उघडत नाही. आत ती लंगडायला लागली आहे, कधी उजव्या पायाने, कधी डाव्या. गुडघ्याला तेल चोळून येतो.