कीबोर्ड तिच्याकडेच राहिला

ता. १४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीचा गुडघा आता कसा आहे? तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. फाडायच्या आधी वाच.

आम्ही जिंकलो, दादा!

तू जिला ‘पोरांची शाळा’ म्हणून हसलास, ती माझी टीम काल बंदच पडायची होती. अनुभवी माणसं आयती न घेता मी कोरी पोरं शिकवून तयार करते, हे आमच्या साहेबांच्या पचनी कधी पडलंच नाही. त्यात काल सकाळी आमच्या बस-बुकिंगच्या सॉफ्टवेअरनं एकच सीट दोघा-दोघांना विकली. बुकिंग थांबवावं लागलं. साहेब तणतणत आले. “तू स्वतः बस आणि निस्तर. नाहीतर उद्यापासून शाळा बंद, पोरं घरी!”

आमच्याकडे नियम आहे: कीबोर्ड शिकणाऱ्याकडे; शिकवणारा मागे उभा, हात पाठीशी. ते काम जिच्याकडे होतं, त्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी हात पाठीशी घेतले. म्हटलं, “तूच बस. आधी चूक पकडून दाखव.”

तिनं सगळ्यांना आपापल्या स्क्रीनवर चाचणीच्या बसमधली एकच सीट उघडायला लावली. “मी टाळी वाजवली की एकदम दाबा!” टाळी वाजली, सीट तिघांना मिळाली. “सापडली!” ती ओरडली. आमचं सॉफ्टवेअर आधी पैसे घेऊन मग सीट अडवत होतं. तिनं ती आधी अडवायचं ठरवलं. तसं लिहिताना पहिल्यांदा चुकली. माझे हात नुसते शिवशिवत होते, पण मी हलले नाही. पुन्हा टाळी. सीट एकाला, बाकीच्यांना ‘ही सीट गेली’. अख्खी खोली नाचली! मग साहेब म्हणाले, “पुढची बॅच कधी घेतेस?”

ती मुलगी कोण, हे एव्हाना ओळखलं असशील. आधीच सांगितलं असतं तर तू पत्र मिटलं असतंस. तुझं वर्कशॉप सोडून ती माझ्याकडे आली, म्हणून तू आम्हा दोघींशी अबोला धरलास. पण लेथवर ती जरा चुकली की तू तिला बाजूला सारायचास. तिला काम येत नव्हतं असं नाही, दादा. तू येऊ दिलं नाहीस. राग येईल, येऊ दे.

सोमवारपासून नव्या पोरांना तीच शिकवणार आहे. ती तुला बोलावणार नाही, तुझ्यावरच गेलीये. म्हणून मी बोलावते. ये, शेवटच्या खुर्चीत बस, आणि एकदा तरी तुझी लेक बोलत असताना नुसतं ऐक.

तुझ्याइतकीच हट्टी,
तुझी धाकटी