पाराखालून

सर, काल परभणीला बैठक होती. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणारी हल्लीची मुलं आहेत, त्यांनी मला म्हातारीला मुद्दाम बोलावलं होतं. प्रश्न एकच होता, जिल्हाभर कार्यक्रम करायचे तर लोकांसमोर चेहरा कुणाचा ठेवायचा? एकाचं म्हणणं, ज्याची भाषणं मोबाइलवर फिरतात तो तरुण ठेवू, बुवाबाबांची अशी सालटी काढतो की लोक पोट धरून हसतात. दुसरा म्हणाला, डॉक्टर ठेवू, डॉक्टरच्या शब्दाला वजन असतं. मी चहा पीत होते. मला तुम्ही आठवत होतात, आणि झरीच्या पुढचं आपलं गाव.

नामांतराची वर्षं होती ती. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही, यावरून माणसं एकमेकांच्या दारावरून जायची बंद झाली होती. तुम्ही शाळेत विज्ञान शिकवायचात, राहायला बौद्धवाड्यात. मी तुमचीच विद्यार्थिनी, पाटलांच्या भावकीतली, नुकतीच त्याच शाळेत बाई म्हणून लागलेली. कुणाला साप चावला की त्याला आधी मारुतीच्या पारावर नेऊन बसवायचे. गुरव अंगारा लावायचा, लिंबाचा पाला चावायला द्यायचा. पाला कडू लागला की विष उतरलं. वाट बघण्यात वेळ जायचा आणि पुष्कळदा माणूसही जायचा.

मीच हट्ट धरून परभणीहून एक प्राध्यापक आणले. माणूस बोलायला फर्डा. जिभेवर कापूर जाळून दाखवला, लिंबू कापून रक्त काढलं, आणि शेवटी पाला चारणाऱ्या गुरवाची नक्कल केली. सगळे हसले, मी तर जास्तच. गुरव पुढच्याच रांगेत होता, तो उठून गेला. दुसऱ्या दिवशी तुम्ही फळा पुसता पुसता म्हणालात, "बाई, चारचौघांत खोटं पाडलं की माणूस शिकत न्हाई. हट्टाला पेटतंय." मला राग आला. एवढी गर्दी जमवली त्याचं कौतुक नाही, वर हे. पण त्याच पावसाळ्यात एका सालगड्याला घोणस चावली, आणि आता बघू कोण हसतंय ते, म्हणून लोकांनी त्याला मुद्दाम पारावरच ठेवलं. तो गेला. त्याच्या बायकोचं रडणं शाळेपर्यंत ऐकू येत होतं.

मग मी म्हटलं, सर, आता तुम्हीच बोला. तुम्ही मान हलवलीत. "मी बोलाय लागलो की साप ऱ्हाईल बाजूला अन् नामांतर निघंल. म्हणतेल, ह्याला आपला देव पारावरून उठवायचाय." मग कोण, विचारलं तर म्हणालात, "गुरव." मला वाटलं, सरांचं डोकं फिरलं.

आपण त्याच्या अंगणात गेलो. त्यानं मला बाज दाखवली, तुम्ही जोत्याला टेकून उभे राहिलात. विचारलंत, "तुमच्या हातून घोणस चावलेलं कुणी उठलंय का?" त्यानं तंबाखू मळायला घेतली. "न्हाई, सर. बिनविषारी चावलेले उठतेत. पण लोक आणून टाकतेत पारावर, मी न्हाई कसं म्हणू? वाडवडलाचं काम हाय." मी लगेच अक्कल पाजळली, मग सांगा की, मारुतीचा हुकूम झाला, परभणीच्या दवाखान्यात न्या. तुम्हाला माझ्यावर एवढं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "न्हाई. देवाच्या तोंडी आपले शब्द घालायचे न्हाईत. लोकांनी खोटं सोडावं म्हणून निघालो, अन् आपणच खोटं शिकवायलो?" मग गुरवाकडे वळलात. "आत्ता मला सांगितलंत तेवढंच सांगा. माझ्याच्यानं हे होत न्हाई, एवढंच." तो म्हणाला, "मग गावात माझं काय ऱ्हाईल?" तुम्ही म्हणालात, "ते मला न्हाई सांगता येत." त्याला खोटा धीरसुद्धा दिला नाहीत.

पुढच्या वर्षी मुगाच्या शेंगा तोडताना एका पोरीला घोणस चावली. बैलगाडी पाराशी येऊन थांबते, बाप तिला उचलायला वाकतो, आणि गुरव पायऱ्या उतरून खाली येतो. गाडीवर हात ठेवतो. "उतरवू नका तिला. घोणशीचं विष माझ्याच्यानं उतरत न्हाई. कवाच उतरलं न्हाई. परभणीला न्या." बापानं हात मागं घेतले. मग कुणीतरी जीप आणायला पळालं. पोरगी दवाखान्यातून स्वतःच्या पायांनी घरी आली.

प्राध्यापकांना त्या दिवशी टाळ्या मिळाल्या होत्या, गेलं काहीच नव्हतं. गुरवाचं मात्र वाडवडिलांपासूनचं सगळं पणाला लागलं होतं, म्हणून लोकांनी त्याचं ऐकलं. काल बैठकीत मी एवढंच म्हणाले, बोलल्यानं ज्याचं काही जाणार आहे असा माणूस शोधा. मुलांना पटलं की नाही, कोण जाणे.

गावानं पारावर गुरवाचा सत्कार केला. शेला, नारळ, हार. तो भला माणूस, म्हणाला, हे मला सरांनी सांगितलं. सगळ्यांनी वळून बघितलं. तुम्ही खाली, रस्त्याच्या कडेला उभे होतात. वर या, असं कुणी म्हणालं नाही. परत येताना मी रागानं बडबडत होते. तुम्ही म्हणालात, "पोरगी चालायली ना? मग झालं तर." थोडं पुढं गेल्यावर मात्र, माझ्याकडे न बघता म्हणालात, "एकडाव वर बोलावलं असतं तर बरं वाटलं असतं."

विद्यापीठाला नाव मिळालं तेव्हा तुम्ही नव्हतात. हे पत्रही मी कुठं टाकणार आहे? घडी घालून कपाटात ठेवीन. फक्त एक सांगायचं राहिलंय. अजून गावोगावी मला बोलायला नेतात, पारावर खुर्ची मांडतात, हात धरून वर चढवायला येतात. मी खालीच उभी राहून बोलते. लोकांना वाटतं, बाईंचे गुडघे गेले. मी तसंच वाटू देते.