बोटीवर सगळेच लंगडे

८ जानेवारी

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

रागावलो आहे, तरी आशीर्वाद आधी लिहिले, कारण हाताला सवय. शेजारणीकडे चिठ्ठी ठेवून, एकाहत्तराव्या वर्षी, काठी टेकत एकटी तीन महिन्यांच्या सफरीला बोटीवर चढणारी बहीण दुसऱ्या कुणाला नसेल. मागच्या वर्षी न्हाणीघरात पडलीस आणि दोन तास तशीच पडून होतीस, हे तू विसरलीस, मी नाही. तुझं घर बंद करायचं आणि तू आमच्याकडे राहायला यायचं, हे तेव्हाच ठरलं होतं.

तेव्हा पहिल्या बंदरात उतर आणि विमानाने परत ये. आली नाहीस तरी मी तुझं घर आवरायला घेणारच. दुसरी किल्ली माझ्याकडे आहे. सूनबाईने माझ्याच खोलीत तुझ्या खाटेला जागा केली. माझी पुस्तकांची मांडणी त्यासाठी काढावी लागली, पण माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. इथे कशाला हात लावावा लागत नाही. चहासुद्धा सात आणि चारला हातात येतो.

चिठ्ठीत बंदरांचे पत्ते लिहून गेलीस, तेवढी अक्कल शिल्लक आहे. लहानपणापासून तुझे लाड केले, त्याचीच ही फळं.

तुझा,
दादा

२१ जानेवारी, बोटीवरून

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र बंदरात मिळालं. तू सांगितल्याप्रमाणे उतरले, तुझ्यासाठी एक टोपी घेतली आणि पुन्हा चढले.

आता सहा दिवस जमीन नाही. छत्तीस वर्षं नर्स म्हणून वॉर्डात घंटेसरशी धावले, इथे समुद्र समोरून जातो आणि मी पायावर पांघरूण घेऊन बसून असते. काल उडणारे मासे पाहिले. आज काहीच पाहिलं नाही, तेही छान होतं.

मागच्या आठवड्यात दोन दिवस बोट भयंकर डुलली. माझ्या टेबलावर एक जाडजूड वकील आहेत. तुम्ही आपल्या खुर्चीतच बसा हो आजी, असं मला रोज सांगायचे. ते भिंतीला पालीसारखे चिकटून चालत होते. डुलत्या फरशीवर सगळेच लंगडे, दादा, आणि त्यात सवय असलेली मी एकटी! वकीलसाहेबांच्या केबिनमध्ये कोरडी बिस्किटं मीच पोचवली.

आणि हो, पडले. जेवणघराच्या दारात, सपशेल. वेटर धावला, त्याला हातानेच थांबवलं. आधी कुशीवर, मग गुडघा, मग काठी, हे जन्मभर पेशंटना शिकवलं, तेच केलं आणि उठले. न्हाणीघरात दोन तास पडून राहिले ती घाबरून. पाय तेव्हाही हाच होता.

माझं घर मी सोडणार नाही. परत येईन ती तिथेच. चार वर्षांपूर्वी मुलाने तुझं घर आवरून तुला नेलं तेव्हा तुला कुणीच विचारलं नाही. मीसुद्धा गप्प बसले, ते मला अजून खुपतं. आवरायला जाणारच असशील तर आधी माझ्या स्वयंपाकघरात स्वतः चहा करून पी. साखर निळ्या डब्यात आहे. मग काय ते भांडं हलव.

राग ठेवलास तरी चालेल, जागा मात्र माझी ठेव.

तुझी,
ठकी

९ फेब्रुवारी

चि. ठकीस आशीर्वाद.

चहा केला. पहिला उतू गेला. चार वर्षांत मला कुणी गॅसजवळ उभं राहू दिलेलं नाही. दुसरा बरा झाला, तो खिडकीत बसून प्यायलो, कुणी घड्याळ पाहिलं नाही.

आवरण्यासाठी पाच खोकी नेली आहेत. रोज अकराला जातो. संध्याकाळी सूनबाई विचारते, किती उरलं, मी सांगतो की बायकांचं सामान, संपता संपत नाही. मांडणीवरची पुस्तकं तिथे नेऊन ठेवली आहेत, तात्पुरती.

जपून चाल, म्हणजे पडलीस तरी जपून.

दादा

२४ फेब्रुवारी, बोटीवरून

ती. दादास सा. न. वि. वि.

खोकी भरली किती, ते लिहायचं सोईस्कर विसरलास. लबाड कुठला!

काल डेकवर बारा फेऱ्या मारल्या. वकीलसाहेबांनी नऊवर हात टेकले.

ठकी

२० मार्च

चि. ठकीस अनेक आशीर्वाद, या खेपेला मनापासून.

हे शेवटच्या बंदरात मिळेल. रविवारी आमचे चिरंजीव टेम्पो घेऊन तुझ्या दारात हजर झाले. मी आतून कडी घातली. तो बेल वाजवत राहिला, बाबा, हा काय पोरकटपणा, म्हणाला. मी दाराआडूनच सांगितलं की घर ठकीचं आहे, तिला विचार. मला न्यायचं असेल तर मला विचार, आणि माझं उत्तर नाही असं आहे. आवाज ठीक निघाला. टेम्पो रिकामा गेला.

खोकी पाचही रिकामी आहेत. तुझा एक चमचा हललेला नाही. मी बाहेरच्या खोलीत झोपतो. तू नको म्हणालीस तर जाईन, पण भांडल्याशिवाय जाणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

आलीस की बेल वाजव, आतून कडी असते, किल्लीने उघडणार नाही. मला उठून यायला जरा वेळ लागतो, तेवढी थांब.

तुझा,
दादा